ओटी भरलेलं पिस्तूल

मी धर्माजी हवालदारांच्या कपाटातला वेबली बोलतोय. वेबली म्हणजे जुनं लष्करी पिस्तूल. शहाणे लोक मला रिव्हॉल्वर म्हणतात, घरातले 'ती' म्हणतात, आणि शेजारीपाजारी नावच घेत नाहीत, नुसते डोळे मोठे करतात. जरा दम खाऊन सांगतो हं. खांडेनवमीपासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. लोखंडाला घाम फुटत नाही असं ज्यानं म्हटलंय, तो कधी किहीमच्या खाऱ्या, दमट हवेत राहिला नसणार.

जन्म माझा बर्मिंगहॅमचा, दुसऱ्या महायुद्धातला. शिक्षण म्हणाल, तर नळीवर कोरलेली चार इंग्रजी अक्षरं आणि एक आकडा. त्यापुढे शाळा बघितली नाही. माझा पहिला मालक एक गोरा साहेब. तो आईला पत्रात आपल्या शौर्याच्या गोष्टी लिहायचा आणि इकडे माझ्या मुठीनं अक्रोड फोडायचा! देश सोडून जाताना त्यानं मला धर्माजींच्या वडलांच्या हवाली केलं. ते सुभेदार. रीतसर परवाना काढून त्यांनी मला घरी आणलं. पुढे धर्माजीही फौजेत गेले, आणि वडलांमागे परवाना त्यांच्या नावावर झाला.

खोड म्हणाल तर एकच. मला माणसं घाबरवायला फार आवडायचं. नारळ चोरणारे मला नुसतं बघून माडावरून घसरत खाली यायचे. परवान्याच्या कचेरीत एका कारकुनानं विचारलं, "ही चालते का हो?" धर्माजींनी मला टेबलावर ठेवलं मात्र, कारकून टेबलाखाली! मी आतल्या आत असा हसलो म्हणता.

रोज संध्याकाळी पडवीत धर्माजी आणि त्यांचा दोस्त चांगदेव बसायचे. चांगदेव रणगाड्यावरचा जवान. दोघांचं भांडण ठरलेलं.

"तुझी वेबली म्हणजे बैलगाडी रे धर्म्या. आमची ब्राउनिंग बघायची होतीस. एका दमात तेरा गोळ्या!"

"आनि वाळू गेली की तिचं तोंड बंद. मग तू देवाचं नाव घ्यायचा."

"घ्यायचो. पन ती उशाला असली की झोप लागायची. अजून जाग आली की हात उशीखाली जातो बघ. काय गावत न्हाय, मग उठून पानी पितो."

मग धर्माजी माझ्या मुठीवरून बोट फिरवायचे. एका जागी लाकूड झिजून गुळगुळीत झालंय. "आबांचा अंगठा इथं असायचा," वडलांच्या आठवणीनं एवढंच म्हणायचे.

आता खांडेनवमीचं ऐका. त्या दिवशी या घरात कोयता, विळा, आडकित्ता, परेशच्या ट्रकचा पाना, सगळ्यांची पूजा होते. परेश म्हणजे धर्माजींचा मुलगा. त्याचा तो पाना वर्षभर शिव्या खातो आणि एक दिवस झेंडूची फुलं. मी मधोमध, पाटावर, नवरदेवासारखा.

धर्माजींच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, पट्टी होती. तरी त्यांनी मला मधोमध उघडलं, सहाही घरांत बोट घालून बघितलं आणि बायकोला म्हणाले, "ठमे, रिकामी हाय. घे पूजेला."

ठमाबाईंनी मला पाटावर ठेवलं आणि त्या थबकल्या. त्यांच्या लेखी आज मी देवी. आणि देवीला, लेकीबाळीला रिकाम्या ओटीनं या घरात कुणी बसवत नाही. तांदूळ घालायचे तर माझ्या यंत्रात जाणार, मालक ओरडणार. बाईंनी कपाटातला डबा उघडला, एक गोळी घेतली, तिला हळदकुंकू लावलं. पन्नास वर्षांचा संसार, मला उघडायचं कसं ते त्यांना बघूनबघून ठाऊक. त्यांनी मला उघडलं, गोळी आत घातली, मला बंद केलं आणि नमस्कार केला.

मी बाप्या गडी, आणि माझी ओटी भरली! दुसऱ्या कुठल्या दिवशी मी लोटपोट हसलो असतो. पण गोळी खरी होती. आणि ते फक्त मला आणि ठमाबाईंना माहीत. त्यांना वाटत होतं, आपण चांगलं केलं.

दुपारी चांगदेव प्रसादाला आला होता, तेवढ्यात नात आली, परेशची अमिषा. अलिबागला कॉलेजात जाते, हातात मोबाईल नाही असा तिचा फोटो सापडणार नाही. "आजोबा, एक रील करू? मी पोलीस, चांगदेवआजोबा चोर."

"मानसावर धरू नये बाळा. रिकामी असली तरी."

"तू तपासलीस ना?" चांगदेव उठलाच. "मग कशाला घाबरवतोस पोरीला? धर्म्याचा हात म्हंजे बँकेचं कुलूप! ये गो, धर मला."

परेशनं मोबाईल धरला. अमिषानं मला उचललं आणि चांगदेवच्या छातीवर रोखलं. मी ओरडत होतो हो! पण माझ्या जातीला एकच आवाज दिलाय, आणि तो काढायचा नव्हता. जीव खाऊन चाप ताठ धरला. पोरीनं दोन बोटं लावली.

खट्. रिकामं घर. चांगदेव छाती धरून पडला, सगळे हसले.

"अजून एकदा, पप्पांचा हात हलला!"

माझं चक्र एक घर सरकलं. खट्. पुन्हा हशा. मला माहीत होतं, आता पुढच्या घरात कोण बसलंय. चांगदेव दात काढून उभा. अमिषाची बोटं पुन्हा चापावर आली, माझा घोडा, गोळीवर आपटणारी ती हातोडी, मागे जायला लागला.

ठमाबाई साखरखोबरं घेऊन बाहेर आल्या. "अगो, हलू. ओटी सांडंल तिची."

"कसली ओटी, आजी?"

"मंग? रिकामी कशी बसवू पूजेला? एक गोळी घातली."

हसू असं तुटलं, जशी वीज जावी. अमिषाचं तोंड पांढरं झालं. "आजोबा, बोट सुटत नाहीये..."

धर्माजी एका डोळ्यानं उठले. धावले नाहीत, ओरडले नाहीत. माझी नळी छपराकडे वळवली आणि माझ्या घोड्याखाली स्वतःचा अंगठा सारला. त्याच वेळी घोडा सुटला.

तो गोळीवर पडला नाही. अंगठ्यात रुतला. माझ्या घोड्याला टोक आहे, ते नखातून आत गेलं.

धर्माजींनी मला उघडलं. हळदकुंकू लावलेली गोळी फरशीवर पडली, ती कुणी उचलेना. ठमाबाई मट्कन खाली बसल्या. "माज्या हातानं... माज्या हातानं झालं असतं गो."

"तुझं काय चुकलं?" धर्माजी त्यांच्याच पदरानं अंगठा दाबत म्हणाले. "उघडून बघायचं काम आमचं. दोन फौजी बसलेत हितं, दोन गाढव."

शेवटी चांगदेव वाकला आणि ती गोळी उचलून डब्यात ठेवून आला.

दुसऱ्या दिवशी धर्माजी मला घेऊन पोलीस ठाण्यात आले, कायमचं जमा करायला. समोर पूनम नावाची शिपाई होती.

"रिकामी हाय, पोरी."

"सगळे असंच म्हणतात, आजोबा." तिनं मला उघडलं, उजेडाकडे धरलं आणि एकेका घरात डोळा लावून बघितलं. एवढ्या वर्षांत इतकं बरं मला कुणाच्या हातात वाटलं नव्हतं.

धर्माजी माझ्याकडे न बघता गेले. आता मी कुलपात आहे. पुढे वितळवतील की काचेच्या पेटीत ठेवतील, कोण जाणे. रात्रंदिवस धाकधूक असते, पण माझ्या जिवाची नव्हे. बाहेर कुठल्या तरी घरात माझा एखादा भाऊबंद पाटावर बसलेला असेल, आणि कुणीतरी हसत म्हणत असेल, रिकामी हाय.

जन्मभर लोकांना घाबरवून हसलो, आता हात जोडतो. लेकरांनो, मला घाबरा. हसायचं तर मला आधी खाली ठेवा.