माझ्या तोंडी फकिराचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना कारटेप आहे आणि मला भयंकर राग आलेला आहे. छत्री, नाणं, फाटकं पुस्तक अशी मंडळी आपली कहाणी सांगताना डोळ्यांत पाणी आणतात, हे मला ठाऊक आहे. त्यांनी खुशाल आणावं. मी पांढरकवड्यात कलीमभाईच्या दुकानात, फुटक्या स्पीकरांच्या ढिगाऱ्यात पडून आहे. धूळ नाकातोंडात गेली आहे, पण माझी तक्रार धुळीबद्दल नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. कलीमभाईनं मला रहमतच्या जीपमध्ये बसवलं, तिथपासूनचं आठवतं. पांढरकवडा ते मुकुटबन अशी ती जीप सवाऱ्या मारायची. आत बारा जण कोंबलेले, मागे दोघे लोंबकळलेले, आणि मी मोठ्यानं गात असायचो. "गाडी खटारा हाये, पण टेप पाहा कसा खणखणीत!" असं लोक म्हणायचे. मला ते आवडायचं. माझ्यातला रेडिओ लवकरच मेला, पण कॅसेट मी शेवटपर्यंत इमानानं वाजवली.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. २००५ च्या उन्हाळ्यात बियाण्याच्या एका कंपनीनं रहमतची जीप प्रचाराला लावली. कंपनीचं नाव घेऊन मी तोंड विटाळत नाही. टपावर दोन भोंगे चढले. कंपनीचा साहेब हुशार होता. तांड्यावरच्या बंजारा लोकांना शहरी माणसाचं पटत नाही, हे त्यानं ओळखलं होतं. त्याला तांड्यातलाच आवाज हवा होता, म्हणून तो फकिराकडे गेला.

फकिरा म्हणजे तांड्याचा गळा. होळीला लेंगी, म्हणजे होळीची गाणी, म्हणताना पहिली ओळ त्याची असायची आणि साऱ्या तांड्यानं ती झेलायची. साहेबानं त्याला हिरवंगार शेत छापलेले कागद दाखवले. फकिराला ते खरं वाटलं. त्यानं कलीमभाईच्या दुकानात बसून गोरबोलीत, म्हणजे तांड्याच्या बोलीत, कॅसेट भरली, "रामराम, भावांनो. मी तुमचा फकिरा. मी हेच बी पेरणार आहे, तुम्हीही पेरा." आणि त्यानं खरंच ते स्वतःच्या वावरात पेरलं. हे लक्षात ठेवा, तो खोटं बोलला नव्हता.

खोटं मी बोललो, तांड्यातांड्यावर ती कॅसेट वाजवून. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, असं म्हणतात. पोळी रहमतनं खाल्ली, टाळी मी वाजवली.

कापसाची पऱ्हाटी कमरेइतकी वाढली, पानं लाल पडली आणि बोंडं काही धरली नाहीत. साहेबाला विचारलं, तर म्हणाला तुमच्याच जमिनीत खोट आहे. चोराच्या उलट्या बोंबा! फकिराला मात्र तांड्यात कुणी एक शब्द बोललं नाही. फक्त त्या होळीला त्यानं लेंगीची पहिली ओळ सोडली आणि ती कुणीच झेलली नाही. तो एकटाच गात राहिला, मग गप्प झाला.

पुढच्या मे महिन्यात साहेब काडेपेटीएवढी एक डबी घेऊन आला. "कॅसेट उलटायची कटकट नको, हिच्यात एकच गोष्ट दिवसभर वाजते," असं त्यानं सांगितलं. फकिराचा आवाज त्यानं कॅसेटवरून त्या डबीत भरून आणला होता. कलीमभाईनं मला उघडलं आणि माझ्या आवाजाच्या बटणामागे दोन तारा डाख देऊन जोडल्या. त्यांचं दुसरं टोक डबीत खोचलं. परक्याची डबी माझ्या गळ्याला बांधली, मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

एक अडचण उरली. माझ्या पोटात कॅसेट गेली की खटका दबतो आणि मला वीज मिळते. कॅसेट नाही तर मी मुका. म्हणून कलीमभाईनं फकिराचीच कॅसेट घेतली, तिच्यातली फीत ओढून फेकून दिली आणि रिकामं खोकं माझ्यात सरकवलं.

नेमके त्याच दिवशी फकिरा आणि त्याची आई जमनाबाई बाजारातून दुकानात आले. जमनाबाई म्हातारी, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, नजर मात्र घारीची.

"रहमतभाई, माही कॅसेट दे," फकिरा म्हणाला. "औंदा माह्या आवाजात कोणाले काही सांगू नको. मले तोंड दाखवाले जागा नाही राह्यली."

दुकानापुढे उभ्या जीपमध्ये रहमत मान खाली घालून स्टिअरिंग पुसत बसला. कलीमभाईनं बटण दाबून खोकं बाहेर काढलं आणि उजेडात धरलं. "ये देख, फकिरा. फीतच नाही हिच्यात. रिकामी हाये."

"मंग ठेवली काहून?" जमनाबाईनं विचारलं.

"ही आत नसली त हा टेप चालूच होत नाही, म्हून."

फकिराचा चेहरा उजळला. फीत गेली म्हणजे आवाज गेला, असं त्याला वाटलं. दुसरं काय वाटणार? आजवर तसंच तर होत आलं होतं! "बरं झालं," तो म्हणाला. "सुटलो बा एकडावचा."

डबी तिथेच होती, माझ्या शेजारी. रहमत आणि कलीमभाई, दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही मूग गिळून बसले. रहमतनं त्याला चहा पाजला. मित्रांनो, मी तो चहा अजून विसरलेलो नाही.

चार दिवसांनी सकाळी जीप तांड्यावर गेली. पेरणी तोंडावर आलेली, माणसं तांड्याचा प्रमुख लखीराम नायक याच्या ओट्याजवळ जमलेली. साहेबानं डबीचं बटण दाबलं आणि भोंग्यांतून फकिरा बोलला, "रामराम, भावांनो. मी तुमचा फकिरा."

खरा फकिरा गर्दीत उभा होता. साऱ्यांनी वळून त्याच्याकडे पाहिलं.

"तो मी नोहो!" तो ओरडला. "मी या वर्षी काही बोललो नाही! ते बी पेरू नका!" पण भोंगे दोन आणि गळा एक. त्याचाच आवाज त्याच्यावर चढला. "मी हेच बी पेरणार आहे," मी गरजत होतो आणि खाली तो घसा फोडत होता. साहेब हसत कागद वाटत होता, लोक कागद घेतही होते. मी तेव्हा जळून का गेलो नाही, याची मला आजही लाज वाटते.

इतक्यात जमनाबाई जीपपाशी आली. तिनं खिडकीतून हात घातला आणि दुकानात कलीमभाईनं दाबलेलं माझं बटण दाबलं. खोकं बाहेर आलं, "तुम्हीही" या शब्दावर माझी वाचा बंद झाली. खोकं तिनं ओढणीत बांधलं आणि तिथेच धुळीत फतकल मारली.

"दुसरी कॅसेट घाल!" साहेब रहमतवर खेकसला. "कोणतीही चालेल."

माझ्या शेजारच्या खणात कव्वालीच्या तीन कॅसेटी होत्या. रहमतनं खणाकडे पाहिलं, मग फकिराकडे पाहिलं.

"नाही साहेब," तो म्हणाला. "गाडीत एकबी कॅसेट नाही."

भोंगे बंदच राहिले. फकिराचा घसा बसला होता, तरी तो बोलला. "मांगच्या वर्षी मी सांगतलं, मी फसलो आणि तुमाले फसवलं. आज माह्या तोंडानं सांगतो. हे बी पेरू नका."

मग ओट्यावरून लखीराम नायक उठला आणि लेंगीची ओळ झेलावी तसं म्हणाला, "पेरू नका." मागून बाया म्हणाल्या, "पेरू नका." मग सारा तांडा म्हणाला.

रहमतचं काम त्याच दिवशी गेलं. परत येऊन त्यानं तारांसकट मला उपटलं आणि कलीमभाईच्या पुढ्यात आपटलं. त्याचं मला दुःख नाही. पण डबी साहेबाच्या खिशात गेली. फकिराचा आवाज तिच्यातून आणखी किती डब्यांत गेला, किती दूरच्या तांड्यांवर आजही "मी हेच बी पेरणार आहे" म्हणत फिरतो आहे, कोण जाणे. तिथे जमनाबाई नाही.

म्हणून मित्रांनो, मला पुसू नका, दुरुस्तही करू नका. एवढंच करा. कुणाच्या आवाजाला तार जोडण्याआधी त्या माणसाला विचारा. आणि त्यानं आपला आवाज परत मागितला, तर त्याला रिकामं खोकं दाखवून चहा पाजू नका.