महाळुंग्याची ओळ

समाधानने लॅपटॉप सोपानरावांच्या पुढ्यात सरकवला आणि पिवळ्या केलेल्या ओळीवर बोट टेकवलं.

“ही बघा महाळुंग्याची ओळ, काका. तीन वर्षांत भाव दीडपट. दोन बेडरूमचं भाडं अठ्ठावीस हजार. सतरा भागांत पहिला नंबर.”

दोघे महाळुंग्यातल्या इमारतीखालच्या पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसले होते. जमीन बिल्डरला दिल्यावर सोपानरावांच्या वाट्याला चार फ्लॅट आले होते. त्यांतला एक विकायचा होता, आणि तोच दाखवायला त्यांच्या पत्नी विमलबाई समाधानच्या बायकोला, दिव्याला, वर घेऊन गेल्या होत्या.

सतरा भागांच्या या तक्त्यापायी समाधानचे आठ महिन्यांचे रविवार खर्ची पडले होते. भाव, भाडी, नोंदणी झालेले व्यवहार, रिकामी घरं, एकही रकाना त्याने मोकळा सोडला नव्हता. कंपनीत दिवसभर तयार मालातले नापास नग मोजणारा माणूस तो. आकड्याशिवाय त्याला काही पटायचंच नाही. नऊ वर्षांच्या बचतीत घर एकदाच होणार होतं. दिव्याला मात्र दिघीतला कस्तुराबाईंचा जुना फ्लॅट हवा होता. का, तर म्हणे स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येतं! आता ऊन कुठल्या रकान्यात भरायचं? यावरून थेरगावच्या भाड्याच्या खोलीत इतकी भांडणं झाली की समाधान पार वैतागून गेला होता. गेला आठवडाभर ती गप्पच होती. रुसली असेल, म्हणून त्यानेही विषय काढला नव्हता.

सोपानरावांनी चष्मा नाकावर चढवला.

“अठ्ठावीस? मंग माजा भाडेकरू अकरा देताना का कुरकुरतो?”

“तुम्ही कमी घेताय, काका.”

“कमी? तीन फ्लॅट दिवाळीपास्नं रिकामे हायत. अकराला बी कोण घेत न्हाई. समदे कंपनीवाले सुटी झाली की बसनं पिंपरीकडं पळत्यात.”

“काका, हे आकडे खरे आहेत,” समाधान चिडून म्हणाला.

“आसतील की. आन हे काय लिवलंय? बालेवाडी स्टेडियम दोन किलोमीटर? हितनं?” सोपानराव खो खो हसायला लागले. “आवं, हे आमचं महाळुंगे न्हाईच! हे बालेवाडीपल्याडचं. आमचं चाकणचं. आदी आमची टपालं बी तिकडं जायची.”

समाधानने ओळ पुन्हा वाचली. मग पुन्हा वाचली. रोज कंपनीच्या बसने तो याच महाळुंग्यात उतरत होता. संध्याकाळी सामसूम होणारे रस्ते, ‘भाड्याने देणे’चे फलक, ट्रकांची धूळ, सगळं नऊ वर्षं डोळ्यांसमोर होतं. त्याला स्वतःचा संताप आला. त्याने ती ओळ पुसून टाकली. तक्ता सरकला आणि दिघी पहिल्या नंबरावर आली.

तो उठून जिन्यापाशी गेला आणि त्याने कस्तुराबाईंना फोन लावला.

“समाधान बोलतोय. तुमचा फ्लॅट आम्ही घेतोय, मावशी.”

“आता कसं जमायचं? तुमच्या मंडळींनी सकाळीच फोन केला, नको म्हनून. मी दुसऱ्यांना शब्द दिला की.”

“नको म्हणाली? दिव्या?”

“व्हय. म्हनली, लई भांडले मी, पर आमच्या ह्यांचे आकडे चुकत न्हाईत.”

फोन हातात तसाच धरून तो तीन मजले चढून गेला. दार उघडं होतं. विमलबाई हॉलच्या खिडक्या लावून घेत होत्या. दिव्या रिकाम्या स्वयंपाकघरात ओट्यावर तळहात टेकून उभी होती. त्याला पाहून ती हसली. आठवड्यात पहिल्यांदाच.

“सकाळचं नाही, पण चारनंतर ऊन येतं म्हणतात विमलताई,” ती म्हणाली. “चालेल मला.”