बेल्टखालचा हात

मास्तरीणबाईंना थकलेलं कोणी पाहिलं नव्हतं, आणि बाईंना पाहू द्यायचंही नव्हतं. गाडी शिकवण्याचं स्कूल दिराचं, गाडी दिराची. माणूस सोन्यासारखा, पण वहिनीचे डोळे मिटतात हे त्याला नुसतं कळायचा अवकाश, किल्ली काढूनच घेतली असती. मग घरात बसून करायचं काय? दुखणं कुरवाळायचं?

डावा स्तन काढला होता. पोटाचं मांस घेऊन तिथे नवा घडवला, आणि तो कुठे रुजतोय तोवर रेडिएशन सुरू झालं. आता कातडी भाजल्यासारखी लाल, काखेत सोललेली, आणि नवं अंग दिवसेंदिवस घट्ट होत चाललेलं. नर्सने सगळं समजावलं होतं. मलम रेडिएशननंतर, आधी नाही. कपडे सैल, सुती. पाणी भरपूर. आणि झोप आली की झोपा. बाकी सगळं बाईंनी इमानेइतबारे पाळलं. झोपेच्या सल्ल्याला मात्र वाटाण्याच्या अक्षता.

"थोडी रजा घे ना," नवरा मलम लावताना म्हणायचा.

"तू कातडीचं बघ. बाकीचं मी बघते."

बाकीचं म्हणजे हा मेला थकवा. कितीही झोपा, हाडांतून हलायचं नाव नाही. तो लाल दिसत नाही, म्हणून कोणी विचारतही नाही.

त्या दिवशी शिकायला होत्या गचका मावशी. साठी उलटल्यावर हौस आलेली. क्लच सोडला की गाडी बेडकासारखी उडी मारायची, म्हणून दिराने ठेवलेलं हे नाव. बाईंनी शेजारी बसून बेल्ट लावला. पट्टा नेमका डाव्या बाजूवरून जायचा, म्हणून नेहमीसारखा अंगठ्याने उचलून धरला. सिग्नल लाल झाला. मावशी थांबल्या. काचेतून उबदार ऊन मांडीवर आलं होतं.

बाईंना जाग आली तेव्हा गाडी रस्त्याच्या कडेला, झाडाखाली उभी होती. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला. त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर त्यांचा पायच नव्हता. मावशी वळून अवघडून बसल्या होत्या, आणि त्यांचा हात बाईंच्या बेल्टखाली होता. पट्टा छातीपासून चार बोटं लांब धरलेला.

"किती वेळ झाला?"

"बराच. पण एकही गचका दिला नाही हो."

"अहो, मग बेल्ट काढायचा ना."

"आवाजाने तुम्हाला जाग आली असती. तुम्ही रोज तो असा धरून बसता, मला दिसतं. झोपेत हात सुटला तुमचा." मावशींनी हात काढून घेतला आणि बोटं चोळली. ती पांढरी पडली होती. "मी कोणाला सांगणार नाही."

बाईंना रडू आलं, आणि स्वतःचा संतापही आला.

"मावशी, मधे एखादं पोर आलं असतं तर?"

बाईंनी फोन लावला.

"भावोजी, गाडी न्यायला या. शिकवताना मला झोप लागली... हो, रेडिएशनमुळेच. ते संपेपर्यंत मी गाडीत बसणार नाही... नाही, कोणाला लागलं नाही. मावशींनी गाडी छान लावली."

दीर यायला वेळ होता. बाईंनी बेल्ट काढला आणि सीट मागे केली.

"मी दमलेय, मावशी," त्या म्हणाल्या. हे त्यांनी आजवर नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. "झोपू जरा?"

"झोपा," मावशी म्हणाल्या. "ब्रेकवर माझा पाय आहे."