रेवतीच्या फाटकावरची खार

गुरुवारपासून सुमेधाच्या खेळातली माणसं पडद्यातून उतरून, तिच्या दिवाणखान्यातून चालत समोरच्या फ्लॅटमध्ये जाऊ लागली. समोर तिची धाकटी जाऊ रेवती राहायची. दोघी एकच खेळ खेळायच्या: कॉम्प्युटरवर पाळणे, घसरगुंड्या उभारून बाग सजवायची आणि माणसांची वाट बघायची.

"चपला काढा आधी!" सुमेधा प्रत्येकावर खेकसायची. माणसं हसायची, चपला हातात घ्यायची आणि विचारायची, "खारीची बाग हीच ना?"

ही नव्हती, हेच तर दुखणं होतं. सुमेधाचा आकाशपाळणा रिकामा फिरत होता, आणि रेवतीने फाटकावर एक खार काय उभी केली, तिकडे गाव लोटला. कमरेवर हात, एक भुवई वर, येईल त्याला चपला काढायला लावणारी. त्यात मेलं एवढं काय होतं? सुमेधाचा नुसता जळफळाट झाला. शिवाय ती खार तिने कुठेतरी पाहिली होती, अगदी रोजच्या पाहण्यातली. रेवतीने ती ढापलीच असणार.

तिने खेळाच्या कंपनीकडे तक्रार ठोकली.

चहाच्या वेळी कंपनीची दोन माणसं पडद्यातून उतरली. एकाच्या खांद्यावर करड्या कापडाचा तागा होता. समोर जाऊन, खार झाकून ती दोघं परत आली. सुमेधाला इतकं बरं वाटलं की तिने त्यांना शिरा करून वाढला.

"नक्कल झाकून झाली," तागेवाला बोटं चाटत म्हणाला. "आता मूळ. परवाना नसेल तर तेही उघडं ठेवता येत नाही."

"मग झाका की! आहे तरी कुणाचं?"

दारात रेवती डोळे पुसत उभी होती. "ताई, तुमचंच. मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही दारात अश्शाच उभ्या होतात. मला फार आवडल्या होतात."

सुमेधाने कमरेवरचा हात काढून बघितला. निघेना.

"तुमचा परवाना आहे तुमच्याकडे?" तागेवाल्याने विचारलं.

"माझा मला कशाला लागतो?"

त्यांनी तिच्या पायांपासून कापड गुंडाळायला सुरुवात केली. समोरची गर्दी खारीला शोधत माघारी वळली होती. सुमेधाच्या दाराशी येऊन सगळे थांबले. तिने न सांगताच त्यांनी चपला काढल्या, ओळीने लावल्या आणि तिच्याकडे बघून आनंदाने हात हलवले. कापड हनुवटीपर्यंत आलं होतं.