निघण्याची वेळ

डेपोतल्या चाळीस गाड्यांपैकी एकोणचाळीस पहाटे चारला निघायच्या. म्हणजे कागदावर हो. खरं तर चारला तिथे कुत्रंसुद्धा जागं नसायचं. पहिली गाडी हलायची सहाला, बाकीच्या आठ-नऊपर्यंत निवांत. पण जो लवकर निघणार त्याची गाडी आधी चार्ज करायची, असं त्या मशीनला शिकवून ठेवलेलं. हे ड्रायव्हर मंडळींना कळायला आठवडाही लागला नाही. सगळ्यांनी आपापल्या मोबाइलवरून चार ठोकून दिले.

एकटे घड्याळकाका साडेसात लिहायचे, कारण ते साडेसातला निघायचे.

मशीन बिचारं रात्रभर एकोणचाळीस गाड्यांना वीज वाटत बसायचं आणि काकांचा नंबर लागायचा पाचला. नेमके पाचलाच शहराला पाणी चढवणारे पंप सुरू व्हायचे आणि वीज कंपनी डेपोचा पुरवठा निम्म्यावर आणायची. मग काकांची गाडी अर्धीमुर्धी भरून बाहेर पडायची. तिच्यात बसायचं कोण, तर डायलिसिसला जाणारे चार पेशंट. महिन्यात दोनदा ती वाटेत बंद पडली होती. तिसऱ्यांदा पडली तर फेरी काकांकडून काढून घेणार, असं साहेबांनी सांगून टाकलं होतं.

चार्जिंगचं सगळं ताई बघायची. तिने ड्रायव्हरांना समजावून पाहिलं, चिडून पाहिलं. प्रत्येकाचं एकच, आधी बाकीच्यांना सांगा. साहेबांकडे गेली तर ते म्हणाले, वेळा ड्रायव्हरांनीच भरायच्या, तुम्ही त्यात पडू नका. तिचा जीव मेटाकुटीला आला होता. शेवटी संध्याकाळी तिने काकांनाच गाठलं आणि निदान आजच्या दिवस तरी चार लिहा म्हणून गयावया केली. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं, साडेसात लिहिलं आणि घरी गेले.

असा संताप आला तिला! ज्याच्यासाठी जीव तोडावा तोच ऐकत नाही म्हणजे काय? तिने सरळ काकांचे साडेसात पुसून चार केले आणि थकून घरी गेली.

सकाळी सातला आली तर काकांच्या गाडीची जागा रिकामी. ती तशीच वॉचमनकडे धावली. वॉचमन म्हणाला, काका चारच्या ठोक्याला गाडी काढून गेले.

गाडी मागच्या फाटकाबाहेर भिंतीला लागून उभी होती. काका स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपले होते, शेजारच्या सीटवर डबा. तिने काचेवर टकटक केलं तसे ते डोळे चोळत उठले आणि मोबाइल तिच्यापुढे धरला. रात्री मशीनचा मेसेज आला होता: तुमची निघण्याची वेळ, चार.

"काका, ते मी लिहिलं. गाडी भरावी म्हणून नुसतं. तुम्ही यायचं नव्हतं हो."

"अहो, पण नाव माझं होतं ना." त्यांच्या आवाजात राग औषधालाही नव्हता. "उद्याही चारच लिहिणार असाल तर आत्ताच सांगा, ताई. डब्यासाठी बायकोला अडीचला उठावं लागतं. तिला तसं सांगून ठेवतो."

ताईला मान वर करता येईना. उद्या साडेसातच, एवढं कसंबसं ती बोलली.

आत येऊन तिने खऱ्या वेळांचा ड्युटीचा तक्ता पुढ्यात ओढला आणि मशीनमधल्या पहिल्या नावाचे चार पुसून तक्त्याप्रमाणे आठ वाजून दहा मिनिटं केली. साहेब ओरडणार होते, एकोणचाळीस जण दिवसभर डोकं खाणार होते. तिने दुसरं नाव घेतलं.