आत्याने आणलेली मातीची कांडी

"पाळी चुकली, तर आधी मला सांगायचं. नवऱ्याला नंतर."

लग्नाच्या आदल्या दिवशी सेंगा कासालीनाने असं बजावलं होतं. सेंगा म्हणजे बापाची बहीण. भाचीला संसाराचे धडे देण्याचा मान युगांडातल्या बुगांडात तिचाच. नाच्यांझीने तेव्हा मुकाट मान हलवली होती.

आता चार महिने पाळी नव्हती, तरी ती आत्याला काही बोलली नव्हती. दवाखान्यात कळलं होतं, की हे बाळ नव्हे, पीसीओएस आहे. बीज वेळेवर पिकत नाही, म्हणून पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात, वजन हटत नाही. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, रोज चालायला सांगितलं आणि ताटातला मटोकेचा, म्हणजे उकडलेल्या कच्च्या केळ्यांचा, डोंगर निम्म्यावर आणायला लावला. नवऱ्याला तिने सांगून टाकलं. सेमांडाने काही न विचारता स्वतःच्या ताटातही भाजी वाढवली. पण आत्याने ही पोर वांझ असं मनात धरलं तर? तिथेच तिची जीभ अडायची.

बातमी पोचलीच, पण अर्धी, नुसती पाळी चुकल्याची. रविवारी मासाकाच्या टेकडीवरच्या चर्चमधली प्रार्थना आटोपून आत्या थेट दारात. नाच्यांझी रिवाजाप्रमाणे नमस्काराला गुडघे टेकायला वाकली, तर म्हणाली, "राहू दे गं, पोट दबेल." पिशवीतून तिने एम्मुंब्वा काढली, गरोदर बायकांना उगाळून पाजतात ती औषधी मातीची कांडी, आणि उगाळायला बसलीसुद्धा. बारशाचं नावही तिने ठरवून आणलं होतं.

वाटी हातात आली. नाच्यांझीने ती खाली ठेवली.

"सेंगा, पोटात कोणी नाही."

मग सगळं सांगितलं. उपचाराने मूल होऊ शकतं, पण आधी प्रकृती सांभाळायची, हेही.

आत्याने वाटी बाजूला सारली. मग तिने विचारलं, नवऱ्याला आधी सांगितलंस? नाच्यांझीने हो म्हटल्यावर हा मोठा गुन्हा आहे म्हणाली. तेवढ्यात तिचा हात स्वतःच्या हनुवटीकडे गेला.

"माझी पाळीही अशीच लहरी होती. हे केस माझ्या वडिलांच्या आईचे, माझे, आता तुझे. आणि मी मेली समजत होते, शहाणपणाने आलेत."

दोघी हसल्या. आत्याने कांडी पुसून केळीच्या पानात गुंडाळली. वेळ आली तर उगाळू, नाही आली तर माती काही नासत नाही. आणि उद्यापासून चालायला मी येणार, तिने सांगून टाकलं. तू एकटी गेलीस तर पहिल्याच वळणावर तळलेली गोड मंडाझी खात बसशील.

पहाटे नाच्यांझीने दार उघडलं. गोमेसी झग्याचा घोळ कमरेला खोचून, पायात दिवंगत नवऱ्याचे कॅनव्हासचे बूट आणि बोटांत जपमाळ, आत्या अंगणात उभी होती. जप पुटपुटत असल्याने तिने नुसतं मानेने रस्त्याकडे खुणावलं, आणि चालू लागली.