बाईंचा सारांश

शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी बाईंची सारांश लिहिण्याची खोड काही सुटली नव्हती. गुरुजींच्या प्रार्थनामंडळात या खोडीला काम मिळालं. लोक आपली दुःखं, पापं गुरुजींना पत्रांतून कळवत. बाई प्रत्येक पत्राची एक ओळ काढून गुरुजींना देत. मग प्रवचनात गुरुजी कुणाच्या मनातलं अचूक बोलले की सभा थक्क व्हायची. बाईसुद्धा भारावून जायच्या, जणू ती ओळ आपण दिलीच नव्हती! आता याला काय म्हणावं?

महिन्यापूर्वी मंडळातल्या शिंपिणीने भर सभेत गुरुजींना अडचणीत आणणारा प्रश्न विचारला. पुढच्याच प्रवचनात गुरुजींनी गोष्ट काढली: सासू अंथरुणाला खिळलेली, आणि कपडे शिवणाऱ्या सुनेला वाटतं, ती मरावी. नाव घेतलं नाही, पण मंडळात कपडे शिवणारी एकच होती. ती खाली मान घालून उठून गेली. शेजारणींनी संध्याकाळच्या आत सासूच्या कानावर घातलं.

बाईंनी जाब विचारला, तर गुरुजी शांतपणे म्हणाले, "ओळ तुमचीच होती."

माणूस लबाड होता, पण बोलला ते खरं होतं. त्यांनी मंडळ सोडलं आणि ज्यातून ती ओळ काढली होती, ते शिंपिणीचं पत्र घेऊन तिचं घर गाठलं. ती दारातून हाकलून देईल, याची खात्रीच होती.

शिंपिणीने मशीन थांबवलं. आतल्या खाटेवरून सासू टकमक बघत होती.

"तुझ्या पत्रातून तेवढी एकच ओळ काढून गुरुजींना मीच दिली होती," बाई म्हणाल्या. "चूक माझी. हे तुझं पत्र."

शिंपिणीने पत्र हातात घेतलंच नाही. "एवढं केलंत, तर आता वाचा. आईंच्या समोर. पूर्ण."

बाई खाटेशी बसल्या. चाळीस वर्षं वर्गात खणखणीत वाचणाऱ्या बाई एकेक शब्दावर बोट ठेवत वाचू लागल्या.

"'काल आईंची कूस बदलताना मनात आलं, सुटतील तर बरं. मग इतकी घाबरले, की त्यांच्या नाकाशी बोट धरलं. श्वास चालू होता. त्यांच्या पायाशी बसून रडले. गुरुजी, त्या गेल्या तर मी कुणाशी भांडू?'"

म्हातारी खुदकन हसली.

"ते बोट तुझं होतं होय गं? मला वाटलं माशी!"

शिंपीण हसता हसता रडायला लागली. महिनाभर त्या दोघी एकमेकींशी कामापुरतंच बोलत होत्या. बाईंचेही डोळे भरून आले. आपल्याला दारातूनच घालवलं नाही, खाटेशी बसू दिलं, याबद्दल कुणाचे आभार मानावेत ते त्यांना कळेना.

म्हातारीने सुनेचा हात घट्ट धरला आणि बाईंना म्हणाली, "बरं झालं आलात. ते शेवटचं पुन्हा वाचा की."

बाईंनी पत्र पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचायला घेतलं.